उकिरड्यावरची पणती

दिवाळीत आमच्या घरी पहिली पणती तुळशीपाशी लागे, दुसरी उंबऱ्यावर, तिसरी गोठ्यात. आणि चौथी पणती पदराआड धरून आजी परड्यातून थेट उकिरड्याकडे जाई. कृष्णाकाठचे आमचे गाव लहान. तिथे ह्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. परंतु साताऱ्याच्या शाळेत जाऊ लागल्यापासून मला ह्या चौथ्या पणतीची लाज वाटू लागली. एकदा मी आजीला विचारलेच, "आजे, घाणीत कशाला दिवा?" आजीने वात सारखी करता करता उत्तर दिले, "आरं, घरात लक्षुमी येती ती ह्याच वाटंनं."

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, ते शिकवण्यात उभे आयुष्य घालवले, आणि आजीचे हे वाक्य किती खरे व किती अपुरे हे हळूहळू कळत गेले. खरे अशासाठी, की पीक मातीतून जे उचलते ते कोणीतरी मातीला परत करावेच लागते. अपुरे अशासाठी, की काय परत करायचे, किती करायचे आणि कोणत्या रूपात, हे एकट्या उकिरड्याला सांगता येत नाही. ह्या प्रश्नापायी आमच्या घरची भागीदारी मोडली. आणि ह्याच प्रश्नापायी जगात काही भागीदाऱ्या अशा जुळल्या, की त्यांची फळे आपण आजही खातो. त्यांची हकीकत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी घरचे सांगतो. माझे वडील आणि तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, ह्यांची आठ एकर काळी जमीन एकत्र होती. १९६०च्या दशकाच्या मध्यास गावात युरियाची पोती येऊ लागली. वडिलांनी पहिले पोते आणले, ज्वारीला टाकले, आणि पंधरा दिवसांत पिकाचा रंग असा पालटला की शेजारचे लोक बांधावर येऊन पाहू लागले. वडील हरखले. तात्यांचे म्हणणे, हा चाबूक आहे, वैरण नव्हे. चाबकाने बैल धावतो, पण त्याचे पोट भरत नाही. वडील म्हणत, उकिरड्यात आहे काय मोठे? सगळे शेण तर चुलीत जाते! दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, पण दोघांच्याही बोलण्याला धार होती. दोन पावसाळे ही धुसफूस चालली. तिसऱ्या वर्षी वाटणी झाली आणि आठ एकरांच्या मधोमध बांध पडला. आजी तेव्हा हयात होती. त्या दिवाळीत तिने दोन उकिरड्यांवर दोन पणत्या लावल्या.

आता घरचे राहू द्या. इंग्लंडात लंडनच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर हार्पेंडन नावाचे गाव आहे, आणि त्याला लागून रोथॅमस्टेडची वाडी. ह्या वाडीचा मालक जॉन बेनेट लॉज. त्याचा जन्म १८१४चा. ऑक्सफर्डला गेला, पण पदवी न घेताच परतला आणि १८३४ मध्ये घरची शेती पाहू लागला. रसायनाचा नाद दांडगा. त्या काळी तिकडे सलगमाच्या शेतात हाडांचा चुरा टाकीत. एका शेजारी उमरावाने लॉजला एक कोडे घातले: हाच चुरा एका शेतात सोन्यासारखा लागू पडतो आणि दुसऱ्यात त्याचा काडीइतका उपयोग होत नाही, हे कसे? लॉजने कुंड्यांतून आणि शेतातून प्रयोग केले, तेव्हा हाडे गंधकाच्या तेजाबात भिजवली असता त्यांतला स्फुरद पाण्यात विरघळणारा होतो व पिकाच्या मुळांना सहज मिळतो, असे त्याला आढळले. खनिज दगडातल्या स्फुरदालाही तीच युक्ती चालली. १८४२ मध्ये त्याने ह्या 'सुपर फॉस्फेट'चे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी लंडनजवळ डेप्टफर्डला कारखाना काढला.

इथपर्यंतची कथा एका हुशार कारखानदाराची आहे. तशी माणसे प्रत्येक देशात होतात. लॉजचे वेगळेपण पुढच्या गोष्टीत आहे. जून १८४३ मध्ये त्याने जोसेफ हेन्री गिलबर्ट नावाच्या पंचविशीतल्या रसायनज्ञाला आपल्याकडे कामास बोलावले. बंदुकीच्या अपघातात ह्या गिलबर्टचा एक डोळा लहानपणीच निकामी झालेला. जर्मनीत गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिग ह्या त्या काळच्या रसायनाचार्याच्या हाताखाली शिकून त्याने पदवी मिळवलेली. एकाजवळ जमीन, पैसा आणि शेतकऱ्याची नजर. दुसऱ्याजवळ तराजू, चिकाटी आणि प्रत्येक आकडा दोनदा तपासण्याची खोड. एक झटकन निष्कर्षावर उडी घेणारा, दुसरा उंबऱ्यावरच अडखळून राहणारा. ही जोडी सत्तावन्न वर्षे टिकली! १९०० मध्ये लॉज वारला तेव्हाच ती तुटली, आणि पुढच्याच वर्षी गिलबर्टही गेला.

त्या दोघांनी केले तरी काय? ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३च्या शरद ऋतूत गहू पेरला आणि शेताचे लांबलांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला दरवर्षी एकरी चौदा टन शेणखत. एकाला काहीच नाही. कोणाला नुसती खनिजे, कोणाला नुसते नत्र, कोणाला दोन्ही, अशी वाटणी. दरवर्षी कापणी, दरवर्षी वजन. धान्य वेगळे, काड वेगळे, आणि दोहोंचे नमुने बरण्यांत भरून ठेवायचे. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. ज्या पट्ट्याला १८४३ पासून काही दिलेले नाही, त्याला आजही काही देत नाहीत.

ह्या साध्या कामातून पहिला खटका उडाला तो खुद्द गुरूशी. लीबिगचा १८४०चा ग्रंथ साऱ्या युरोपात गाजत होता. वनस्पती काही सडलेली माती खाऊन वाढत नाही, तिला खनिजे लागतात, हे त्याने ठणकावून सांगितले होते आणि ते खरेच होते. जो घटक सर्वांत कमी, तोच पिकाची मर्यादा ठरवतो, हा नियम त्याच्याआधी श्प्रेंगेल ह्या दुसऱ्या जर्मनाने मांडला होता. तो लोकांच्या तोंडी बसवला लीबिगनेच. पण पिकाला लागणारे नत्र हवेतूनच अमोनियाच्या रूपाने पुरेसे मिळते, शेतकऱ्याने फक्त राखेतली खनिजे पुरवावी, असेही तो म्हणू लागला. त्याने स्वतःचे एक पेटंट खतही काढले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून ते भट्टीत वितळवून घट्ट केले होते. ते इतके घट्ट झाले की पिकालाही मिळेना! इकडे ब्रॉडबाल्कमध्ये नुसती खनिजे दिलेला गहू उपाशी पट्ट्याहून फारसा वर येईना, आणि नत्राची जोड मिळताच तरारून उठे. शिष्याने गुरूच्या विरुद्ध आकडे मांडले. गुरू संतापला. वर्षानुवर्षे कागदी युद्ध चालले. शेवटी खत न विरघळणारे करण्यात आपली चूक झाली, हे लीबिगने छापून कबूल केले. एवढ्या मोठ्या माणसाने एवढे कबूल करावे, हेही थोडे नव्हे.

तोवर लॉज-गिलबर्टांवरचा शेतकऱ्यांचा विश्वास इतका वाढला होता, की त्यांनी वर्गणी काढून रोथॅमस्टेडला नवी प्रयोगशाळा बांधून दिली. ती १८५५ मध्ये उघडली. त्याआधीचे सारे काम एका जुन्या कोठारात चाले.

परंतु ह्या जोडीच्या चरित्रातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान विजयाचे नाही, पराभवाचे आहे. आपल्याकडचा कोणताही जाणता शेतकरी सांगेल की हरभऱ्याचा, तुरीचा, भुईमुगाचा बेवड चांगला; त्यामागून घेतलेले पीक जोमदार येते. युरोपातही क्लोव्हर नावाच्या गवताबद्दल हाच अनुभव होता. मग ही द्विदल पिके हवेतले मोकळे नत्र ओढून घेतात की काय? लॉज आणि गिलबर्ट ह्यांनी ईव्हन प्यू ह्या तरुण अमेरिकनाला सोबत घेऊन १८५७ पासून ह्या प्रश्नाचा छडा लावायचा चंग बांधला. रोपे काचेच्या हंड्यांखाली वाढवली. आत सोडायची हवा तेजाबातून धुऊन घेतली. पाणी ऊर्ध्वपातित. माती तर भाजून काढली, न जाणो तिच्यात नत्राचा कण उरला असेल! इतकी काटेकोर कसोटी त्याआधी कोणी घेतलेली नव्हती. उत्तर आले: नाही. गहू तर नाहीच, घेवडाही हवेतले मोकळे नत्र घेत नाही. १८६१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि पाव शतकभर प्रश्न जवळजवळ मिटला.

१८८६ मध्ये तो पुन्हा उघडला. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ ह्या दुसऱ्या एका जोडीने दाखवून दिले, की भाजलेल्या वाळूत वाटाणा उपाशी मरतो, पण तिच्यात शेतातल्या मातीचे थोडे पाणी टाकले की तो उभारी धरतो आणि त्याच्या मुळांवर गाठी येतात. हवेतले नत्र बांधणारा कामकरी झाडात नव्हता. तो होता मातीतला सूक्ष्म जंतू, आणि मुळावरची गाठ हे त्याचे बिऱ्हाड. रोथॅमस्टेडच्या त्या अतिशुद्ध प्रयोगात माती भाजली तेव्हा हा कामकरीच जळून गेला होता! घर इतके झाडले की लक्ष्मीच बाहेर गेली. पण ही दोन म्हातारी माणसे हट्टाला पेटली नाहीत. त्यांनी नव्याने प्रयोग केले, हेलरीगेलचे म्हणणे खरे ठरले, आणि त्यांनी ते जाहीर केले. मुळावरची ती गाठ म्हणजेही एक भागीदारीच. झाड साखर देते, जंतू नत्र देतो.

लॉजने १८७२ मध्ये खताचा कारखाना तीन लाख पौंडांना विकला आणि पुढे १८८९ मध्ये त्यांतले एक लाख पौंड ह्या प्रयोगांसाठी कायमचे वेगळे काढून विश्वस्तांच्या हाती दिले. ज्या खतावर पैसा मिळवला, ते खत न घातलेल्या पट्ट्याचीही त्यात सोय झाली. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती ह्या जुन्या आकड्यांचे ढीग चाळायला तिथे आला आणि त्या ढिगांतून प्रयोगांची आखणी करण्याचे नवे संख्याशास्त्र उभे राहिले. जपून ठेवलेल्या नमुन्यांची संख्या आता तीन लाखांवर गेली आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या गव्हावर कोणत्या रोगाची बुरशी होती, हेसुद्धा एकविसाव्या शतकातले संशोधक त्या बरण्यांतून वाचू शकले.

माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडात असते. तिच्याकडे गेलो असता एका जूनमध्ये मी हार्पेंडनला जाऊन आलो. संस्थेच्या आवारात प्रयोगांना पन्नास वर्षे झाली म्हणून १८९३ मध्ये बसवलेली एक प्रचंड शिळा आहे, तिच्यावर दोघांचीही नावे कोरलेली आहेत. पण मी खिळून राहिलो तो शेताच्या कडेला. गहू पट्ट्यापट्ट्यांनी निरनिराळा हिरवा होता, जणू इरकली लुगडे अंथरले आहे. आणि त्यात तो उपाशी पट्टा: पिवळट, विरळ, गुडघ्याएवढा. एवढ्या वर्षांच्या उपासानंतरही तो हेक्टरी टनभर धान्य देतो म्हणे. शेणखताच्या पट्ट्यातल्या मातीत सेंद्रिय अंश त्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. मला वडिलांचे आणि तात्यांचे भांडण आठवले. पहिली कित्येक दशके भरपूर शेणखताचा पट्टा आणि योग्य प्रमाणात रासायनिक खते दिलेला पट्टा जवळपास सारखेच पिकत होते. दोघांना पुरेल असे उत्तर ह्या शेतात केव्हाचे उभे होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होलकर हा इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनज्ञ हिंदुस्थानची शेती पाहायला आला. इथल्या चांगल्या शेतकऱ्याला इंग्लंडातल्या सर्वसाधारण शेतकऱ्याने काही शिकवावे असे नाही, हे त्याने १८९३च्या अहवालात मोकळेपणी लिहिले. शेण जळते ते अज्ञानामुळे नव्हे, सरपण मिळत नाही म्हणून, हेही त्याने ओळखले. वडिलांचा प्रश्न तोच होता: शेण चुलीत गेल्यावर शेतात काय घालायचे?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर होळकरांच्या इंदुरात निघाले. आल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारात पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः नामांकित शास्त्रज्ञ. दोघांनी वीस वर्षे गहू, तंबाखू, माती ह्यांवर खांद्याला खांदा लावून काम केले. १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली आणि हॉवर्ड तिचा संचालक झाला. तिथे रसायनाच्या बाजूने त्याला जोडीदार मिळाले यशवंत वाड. दोघांनी मिळून लिहिलेले, शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याविषयीचे पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्डने छापले. त्यावर दोघांची नावे आहेत. 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेलेली कंपोस्टची रीत ती हीच. पुढे जगाला हॉवर्ड ठाऊक झाला आणि वाडांचे नाव मागे पडले. आपण तरी ते घ्यावे.

पद्धत अशी: सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा, गोठ्यातले शेण व चिपाडे, गोमूत्र मुरलेली गोठ्याची माती आणि लाकडाची राख ह्यांचे थर, वर पाण्याचा शिपका. कपाशीच्या आणि तुरीच्या पळाट्या कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होई. ढीग तीनदा पालटायचा, आणि तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार. आजीच्या उकिरड्याला वर्ष लागे, आणि त्यातले निम्मे सत्त्व उन्हापावसात उडून वाहून जाई. वाडांच्या रसायनाचा उपयोग इथे होता: कर्ब आणि नत्र ह्यांचे आरंभीचे प्रमाण तेहेतीसास एक ह्याच्या आसपास राखले, हवा आणि ओल सांभाळली, तर नत्र वाया जात नाही. शेण थोडेच हवे, विरजणापुरते. बाकीचा भरणा कचऱ्याचा. चुलीत गेलेल्या शेणावर तोडगा तो हा.

हॉवर्डने पुढे रासायनिक खतांवर आणि रोथॅमस्टेडच्या पट्ट्यांवरही कडाडून टीका केली. तात्यांना तो भेटला असता तर दोघांचे छान जमले असते. पण वडिलांची बाजूही इतिहासात दुबळी नाही. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने ती किमया कारखान्यात आणली, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. त्याच अमोनियाने पुढे महायुद्धात स्फोटकेही पुरवली, हे विसरता येत नाही. आणि ह्या किमयेवाचून आज जगातल्या कोट्यवधी माणसांच्या ताटात अन्न पडले नसते, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, तेव्हा देश परदेशी धान्यावर जगत होता. वडिलांचे ते पहिले पोते ह्याच कहाणीतले.

मग आमच्या शेताचे काय झाले? वडिलांच्या बाजूला काही वर्षे पिके जोमात आली. नंतर पोती वाढली, उतारा वाढेना, आणि नांगराला ढेकळे दगडासारखी लागू लागली. तात्यांच्या बाजूची माती मऊ राहिली, पण गुरे कमी होत गेली तसे खतही कमी पडले आणि पीक कधी भरघोस आले नाही. दोघेही आपापल्या बांधावरून दुसऱ्याचे उणे पाहत राहिले. दोघांपैकी एकानेही कधी वहीत एक आकडा लिहिला नाही.

ते दोघे गेल्यावर मी आणि माझा चुलतभाऊ ह्यांनी दोन्ही बाजूंच्या मातीचे नमुने तपासायला दिले. निकाल पाहून आम्ही थक्क झालो. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे जस्त कमी! ज्याचे नावही वडिलांनी वा तात्यांनी कधी घेतले नव्हते, ते. जस्ताची ही गोष्टही एका यशवंतांचीच आहे. १९६६च्या सुमारास पंतनगरच्या कृषी विद्यापीठात तराईतल्या भाताला 'खैरा' नावाचा रोग ग्रासत होता, पाने तांबूस-तपकिरी पडत. यशवंत लक्ष्मण नेने हे रोगशास्त्रज्ञ. त्यांनी दाखवून दिले की हा रोग कसल्याही जंतूचा नाही, पीक जस्तावाचून उपाशी आहे. झिंक सल्फेट आणि चुना ह्यांची फवारणी केली आणि भात सावरला. हेच नेने पुढे आपल्या प्राचीन वृक्षायुर्वेदाच्या पोथ्या प्रसिद्ध करण्याच्या कामात रमले. जस्ताची फवारणी आणि पोथीतले कुणपजल, दोन्ही एकाच माणसाच्या मनात नांदत होती.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशभर चालवलेल्या दीर्घकालीन खतप्रयोगांत आपले अकोलाही आहे. त्या प्रयोगांचा कौल असा, की नुसत्या नत्राने जमीन खालावते, काही आम्ल जमिनींत तर पीक पार बुडते; आणि नत्र, स्फुरद, पालाश ह्यांच्या समतोल मात्रेला शेणखताची जोड दिली तर उतारा वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे वडील अर्धे बरोबर आणि तात्या अर्धे बरोबर. दोन अर्धी जोडायला मध्ये बांध नको होता.

गेल्या रब्बीत आम्ही दोघा भावांनी बांधाला आडवे चार पट्टे आखले, निम्मे त्याच्या रानात, निम्मे माझ्या. एकाला कंपोस्ट, एकाला खते, एकाला दोन्ही, आणि एकाला काही नाही. चुलतभावजयीला तो चौथा पट्टा बघवत नाही. "एकाला उपाशी ठेवून बाकीच्यांना जेवायला वाढायचं, हे कसलं शास्त्र, भावजी?" असे ती मला विचारते. मी तिला ब्रॉडबाल्कची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेते, पण तिचे समाधान होत नाही, आणि होऊ नये असेच मला वाटते. वही मात्र तीच लिहिते, कारण आम्हा दोघांपेक्षा तिचे अक्षर चांगले आहे. पहिल्या वर्षाचे चार आकडे त्यात आले आहेत. चारांत फरक थोडा, त्यावरून काही ठरवू नये इतका. लॉज आणि गिलबर्ट सत्तावन्न वर्षे थांबले. माझ्याजवळ तेवढी नाहीत. पण वहीजवळ आहेत.

बांध अजून आहे. उकिरडा मात्र आता एकच, बांधालगत, इंदूर पद्धतीचा. यंदा पाडव्याच्या संध्याकाळी तिथे पणती कोणी लावायची ह्यावर आमच्या नातवंडांत भांडण जुंपले आहे.